दीड कोसाची वाट

बिरू हरकाऱ्याला पळताना पाहिलेली माणसं पुष्कळ होती. त्याला निवांत बसलेला पाहिलेलं माणूस मात्र एकच. त्याचं नाव चंद्रभान.

गंगाखेड सोडून बालाघाटाच्या बाजूला निघालं की गोदाकाठची काळी रानं हळूहळू मागं पडतात आणि तांबडा मुरमाड माळ लागतो. त्या माळाच्या शेवटाला खडकवाडी नावाचं गाव होतं. राज्य निजामाचं होतं. गंगाखेडपर्यंत आगगाडी येऊ लागली होती, पण स्टेशनापासून पुढं टपाल माणसाच्या पायांनीच जाई. खडकवाडीची पिशवी दोघं जण नेत. गंगाखेडकडून चंद्रभान निघे, खडकवाडीकडून बिरू. वाटेच्या मधोमध दोन कडुलिंब एकमेकांत फांद्या घालून उभे होते. त्या जागेला जोडलिंब म्हणत. तिथं दोघं भेटत, पिशव्या बदलत आणि आपापल्या गावाला परत फिरत. चंद्रभाननं कधी खडकवाडी पाहिली नाही. बिरूनं चंद्रभानच्या अंगणातली तुळस पाहिली नाही. एकमेकांची अर्धी वाट दोघांनाही परकी होती.

पिशव्या बदलायला सरकारनं थोडा वेळ मंजूर केला होता. एक चिमूट तंबाखू मळावी, तोंडात धरावी आणि थुंकावी, एवढाच. बिरूच्या सबंध दिवसात माणसाशी बोलण्याची जागा तेवढीच होती.

हे कुणाला खरं वाटणार नाही. रोज गावातून निघणारा, रोज गावात येणारा माणूस, त्याला बोलायला कुणी नसेल का? पण हरकाऱ्याचं तसंच असतं. त्याच्या काठीला घुंगरू बांधलेले असत. घुंगरू वाजले की माणसं वाट सोडून बाजूला होत, गाडीवान बैल आवरत, बाया डोक्यावरच्या घागरी सांभाळत कडेला सरत. सरकारी टपाल अडवायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळं बिरूला पाहून सगळे थांबत, आणि बिरू कुणापाशी थांबत नसे. वर्षानुवर्षं त्यानं माणसांचे चेहरे बाजूला होतानाच पाहिले.

घरीही कुणी नव्हतं. बायको केवळाबाई तापानं गेली होती. मेंढरं थोरल्या भावाकडं राणीसावरगावाला राहिली. खडकवाडीत तो नोकरीपुरता आलेला, गावाच्या कडेला झोपडी घालून राहिलेला धनगर. परत आल्यावर तो चुलीपुढं बसे तेव्हा त्याला चुलीशीही बोलावंसं वाटत नसे. बोलायचं ते उद्यासाठी साठवून ठेवायचं, जोडलिंबासाठी.

पळणं ही त्याची एकच मालमत्ता होती. उंच, कोरडा, पोटऱ्या दोरखंडासारख्या पिळलेल्या. पावलांचा आवाज येत नसे, फक्त घुंगरांचा येई. आणि पळताना त्याच्या पटक्याच्या पेचात तरवडाची एक हिरवी डहाळी खोचलेली असे.

ही डहाळी म्हणजे त्याच्या बापाची रीत. मेंढरांमागं रानोरान फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं कोस मोजायचा तो असा: निघताना तरवडाची कोवळी डहाळी तोडायची, पटक्यात खोचायची आणि चालू लागायचं. पानं मिटून लोंबली की एक कोस झाला. मग दुसरी डहाळी. उन्हाळ्यात जरा लवकर, पावसाळ्यात जरा उशिरा, पण मेंढक्याला तेवढं चाले. बिरूनं हे मोजमाप बापाकडून घेतलं आणि हरकारा झाल्यावरही सोडलं नाही. खडकवाडीहून जोडलिंबाला येईपर्यंत त्याची एक डहाळी पुरती सुके आणि दुसरी अर्धी. म्हणून त्याची वाट दीड कोसाची.

गावातले लोक तीच वाट तीन कोस म्हणत. ते त्याच्या कानावर होतं. पण तो मनात म्हणे, लोक चालतात, चालणाऱ्याला वाट लांब पडणारच. मी पळतो, म्हणून ती आखडते. आपल्या पायांनी वाट निम्मी केली, याचा त्याला केवढा तरी अभिमान होता. तो बोलून दाखवत नसे, पण मान ताठ ठेवून पळे.

जोडलिंबाला बिरू नेहमी आधी पोचे. मुळीला टेकून बसे आणि गंगाखेडच्या बाजूला कान लावी. घुंगरांचा आवाज आला की उगाच उठून पटका सारखा करी.

"काय बिरूबा, आज वाटंत लांडगा भेटला का न्हाई?" चंद्रभान लांबूनच ओरडे.

"भेटला की. तुजी खुशाली इचारायलता."

"मग काय सांगितलंस?"

"म्हनलं, वाळून गेलाय. तुज्या उपेगाचा न्हाई."

चंद्रभान खदखदून हसे. तो ठेंगणा, घामट, बोलका माणूस. थोडी शेती, घरी आई, बायको, पोरं. तो गंगाखेड सोबत घेऊन येई: गंगेला, म्हणजे गोदेला, पाणी किती चढलं, बाजारात कुणाचा बैल उधळला, स्टेशनावर कोण उतरलं, आईचं आणि बायकोचं आज कशावरून वाजलं. बिरूपाशी सांगायला माळ होता. काळविटांचा कळप ओढ्याला आला होता. घारीनं पिलू काढलंय. चंद्रभान हेही तितक्याच कौतुकानं ऐके, आणि दुसऱ्या दिवशी विचारी, "काय म्हनायलंय तुज्या घारीचं लेकरू?" आपलं बोलणं दुसऱ्या माणसाच्या घरी रात्रभर राहून परत आलं, एवढ्यानं बिरूचा तो दिवस भरून जाई.

फसली सन तेराशे अठ्ठेचाळीसचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणचाळीसचा उन्हाळा होता. सगळ्या हरकाऱ्यांना गंगाखेडच्या टपाल कचेरीत बोलावणं आलं. परभणीहून हुकूम आला होता की प्रत्येक हरकाऱ्याची रफ्तार लिहून पाठवा, आणि ती मैलात आणि तासात लिहा. कचेरीचे मुन्शी दिनकरराव औरंगाबादेकडचे. नेमस्त माणूस, पण माळावर कधी गेलेले नव्हते. त्यांनी ओसरीवर सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि आधी हुकूम वाचून त्याचा अर्थ सांगितला.

"ज्या लाइनीवर तासी पाच मैल पळणारा हरकारा असेल, तिथं तो एकटाच ठेवायचा. त्यानं सकाळी निघून गाडी यायच्या आत टपाल आणायचं आणि गाडीचं टपाल घेऊन परत जायचं. दुसऱ्याची बदली. जिथं तेवढ्या रफ्तारीचा कुणी नसेल, तिथं दोघं आहेत तसेच राहतील. कळलं?"

मग एकेकाला विचारू लागले. चंद्रभान म्हणाला, "माजी वाट तीन कोस. लोक म्हनतेत तसं सांगायलोय. वखत सव्वा तास."

"तीन कोस म्हणजे सहा मैल. सव्वा तासात सहा..." दिनकररावांनी पाटीवर आकडे मांडले. "तासी पावणेपाच मैल आणि वर थोडं. पाचाला कमी पडतोस. पुढचा. बिरू, तुझी वाट?"

"दीड कोस," बिरू म्हणाला. मान ताठच होती.

"वेळ?"

खडकवाडीच्या शाळामास्तरांच्या ओसरीवरच टपालाचं काम चाले. निघायची आणि परत यायची वेळ मास्तर घड्याळात पाहून लिहीत. तो हिशेब दिनकररावांसमोर होताच: जोडलिंबाला थांबायचा वेळ वजा करता जायला एक तास, यायला एक तास.

"दीड कोस म्हणजे तीन मैल. वेळ एक तास. रफ्तार, तासी तीन मैल."

बिरूला काही कळलं नाही. दीड हा आकडा त्याच्या मनात मोठेपणाचा होता. दीडाचे तीन झाले तेव्हा त्याला वाटलं, आपला मान वाढलाच असेल.

दुसऱ्या दिवशी जोडलिंबाला चंद्रभान आला तो हसतच.

"वाचलो गड्या. मी पाचाला कमी, तू तर लयच कमी. दोघं बी ऱ्हायलो."

"तासी तीन मैल म्हंजी किती रं?"

"म्हंजी... बाजाराला निघालेलं मानूस जातंय तेवढं. हातात पिशवी, संगं बायकू."

बिरूच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "मी बायकू घिऊन बाजाराला जायलोय का?"

"तू न्हाई बा, कागद जायलाय. जाऊ दी त्याला." चंद्रभान त्याच्या शेजारी बसला. आवाज उतरवून म्हणाला, "ह्ये बघ. तू किती पळतोस ते ह्या लिंबाला ठावं हाय. मी निघून हितं येस्तोवर तू बसलेलाच असतोस रोज. पर त्यांनी तीन लिव्हलंय म्हनून मी उद्या हितं येनार, तू बी येनार. ध्यानात आलं का? पाच लिव्हलं आसतं तर दोघातला एक गेला आसता."

बिरूनं मान हलवली. ध्यानात आलं होतं.

पण गोष्ट खडकवाडीत पोचली. मास्तरांनी सहज कुणाला सांगितली आणि संध्याकाळपर्यंत ती पारावर गेली. ज्या माणसापुढं सगळे वाट सोडत, त्याच्याशी पहिल्यांदाच लोक बोलू लागले, आणि ते असं.

"बिरूबा," आश्रुबा तेली पारावरून म्हणाला, "आता घुंगरू सोडून ठिव. तीन मैलाला कोन वाजवीत जातंय?"

"आरं, आमी उगंच बाजूला व्हायलोत इतकी वरसं. तूच आमाला वाट द्यायची हुती."

"माजी म्हैस सुटली तर बिरूला नका धाडू बा कुनी."

हसणं माळावरच्या वाऱ्यासारखं त्याच्या मागोमाग येई. वाटेतल्या बाया आता घागर सांभाळत बाजूला होत, पण पदराआड हसत. बिरू मान खाली घालून पुढं जाई. जोडलिंबालाही बोलेना. चंद्रभान घारीच्या पिलाचं विचारी तेव्हा तो नुसतं "हाय" म्हणे.

"कागदावर रुसलास व्हय?" चंद्रभाननं एकदा विचारलं.

"आमच्या बापाला कुनी हळू म्हनलं न्हवतं."

"तुजा बाप मेंढरामागं चालायचा, बिरूबा."

"म्हनून तर. त्यो चालायचा, मी पळायलोय," बिरू म्हणाला, आणि पिशवी उचलून निघून गेला. त्या दिवशी मंजूर वेळातला निम्मा वेळ तसाच शिल्लक राहिला.

पावसाळ्याच्या तोंडाला परभणीचे इन्स्पेक्टर लाइनी पाहायला आले. तहसीलची दमणी जुंपून दिनकररावांना सोबत घेऊन ते थेट जोडलिंबाला उतरले. बिरू आणि चंद्रभान दोघंही हजर होते. कागद तयार होता, खाली दोघांचे अंगठे तेवढे हवे होते. चंद्रभाननं मुकाट्यानं अंगठा दिला. बिरूनं अंगठा शाईत बुडवला आणि दिनकररावांनी नियमाप्रमाणं मजकूर वाचून दाखवला: "बिरू हरकारा, खडकवाडी ते जोडलिंब, रफ्तार तासी तीन मैल."

बिरूचा हात कागदावर आला आणि थांबला. शाईचा एक थेंब खाली मातीत पडला.

चंद्रभान त्याच्याकडं पाहत होता. अगदी हलकेच त्यानं मान हलवली, कर म्हणून. बिरूनं ते पाहिलं. अंगठा टेकवला तर उद्या हा माणूस इथं येणार, परवा येणार, मरेपर्यंत येणार. हे त्याला त्या क्षणी जितकं स्पष्ट दिसलं तितकं पुन्हा कधीही दिसलं नसेल. पण तीन मैलांखाली त्याचा अंगठा उतरेना.

"साहेब," तो म्हणाला, "वाट मोजा."

"क्या बोलता है ये?" साहेबांनी विचारलं.

"वाट मोजा म्हणतो, हुजूर. त्याला हिशेब मान्य नाही," दिनकरराव म्हणाले.

साहेब चिडले नाहीत. उलट त्यांना गंमत वाटली. तहसीलमधून मोजणीची जरीब मागवली. दोन माणसं लोखंडी साखळी ओढत जोडलिंबापासून खडकवाडीकडं निघाली, झुडपांतून, ओढ्यातून, एका टोकाला खुंटी ठोकत आणि दुसऱ्या टोकाला उपसत. बिरू त्यांच्यासोबत चालत गेला. आपल्या वाटेनं तो पहिल्यांदाच चालत होता. खडकवाडीची शीव येईपर्यंत त्याच्या पटक्यात तीन डहाळ्या सुकल्या. त्यानं त्या काढून पुन्हा पुन्हा पाहिल्या.

मोजणी भरली सहा मैल.

"दीड कोस कैसे बोला तू?" साहेबांनी विचारलं. बिरूनं तरवडाची डहाळी पुढं केली आणि बापाची रीत सांगितली. दिनकरराव ती साहेबांना समजावत गेले, आणि समजावता समजावता त्यांच्याच ध्यानात आलं.

"अरे बिरू," ते म्हणाले, "पान सुकायला लागतो तो वेळ. तो काही वाटेचा तुकडा नव्हे. तुझे वडील चालायचे, तेवढ्या वेळात एक कोस जायचे. तू पळतोस, तेवढ्याच वेळात दोन जातोस. आणि म्हणतोस एकच झाला! तू जितका जोरात पळशील तितके तुझे कोस कमी भरणार, आणि कागदावर तू तितका हळू दिसणार."

"तासी सहा मैल," साहेब म्हणाले आणि त्यांनी बिरूच्या खांद्यावर थाप मारली. "शाबास. पूरे जिले में नहीं ऐसा." मग कागदावरचा तीनचा आकडा स्वतः खोडला.

ती थाप बिरूला फार दिवस जाणवत राहिली. केवळाबाई गेल्यापासून त्याच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. त्या भरात बाकीचं त्यानं मनाशी येऊ दिलं नाही.

हुकूम आठ दिवसांत आला. खडकवाडीची सगळी लाइन बिरूकडं. चंद्रभानची बदली नदीपल्याड ताडकळसच्या लाइनीवर, राहणंही तिकडंच.

शेवटच्या दिवशी चंद्रभान नेहमीपेक्षा लवकर आला होता. बिरू पोचला तेव्हा तो मुळीवर बसून तंबाखू मळत होता.

"आज तू हरलास," तो म्हणाला. "कागदावर लिव्ह म्हनावं."

बिरू बसला. लिंबोळ्या टपटप पडत होत्या.

"रागावलास?" बिरूनं विचारलं.

"रागावून काय करू? पोटाला तर हाय. ताडकळसला बाजार मोटा भरतोय म्हनं, आईला चोळी घ्यायला बरं." त्यानं तंबाखू पुढं केली. "पर खरं सांगू का बिरूबा, तू अंगठा लावशील असं वाटलं हुतं मला."

"मला बी," बिरू म्हणाला.

चंद्रभाननं पिशवी दिली, घेतली. जाताना वळून म्हणाला, "घारीच्या लेकराला सांग, मी गेलो म्हनून." आणि त्याचे घुंगरू गंगाखेडच्या बाजूला बारीक होत गेले.

दुसऱ्या दिवशी बिरू जोडलिंबाला आला तेव्हा पाय आपोआप थांबले. समोर पुढची वाट होती, जी त्यानं कधी पळून पाहिली नव्हती. पिशवी द्यायला हात पुढं झाला आणि तसाच राहिला. मग त्यानं ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पळू लागला. चंद्रभानची वाट चांगली होती, मऊ होती, कडेला आमराई होती. यातलं त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं. रोजची वाट कोण सांगतं?

खडकवाडीत आता बिरूचा बोलबाला झाला. आश्रुबा तेली पाहुण्यांना बोलावून दाखवी, "त्यो बघा, तासी सहा मैल!" माणसं पूर्वीपेक्षा लांबूनच वाट सोडू लागली. काही दिवस बिरूनं हळू पळून पाहिलं. उशीर होऊ लागला तर साहेब दुसरा माणूस देतील, असं त्याच्या मनात आलं असावं. पण पायांना ते जमेना. ओढा उतरला की ते आपलं खरं करीत, आणि तो गाडीच्या कितीतरी आधी कचेरीच्या ओसरीवर येऊन बसे.

तिथं बसल्या बसल्या एकदा त्यानं खिडकीतून विचारलं, "मुन्शीजी, चंद्रभान तिकडं किती पळायलाय?"

दिनकररावांनी मान वर केली. "आहे तेवढाच. तासी पावणेपाच मैल."

"अन् निघतो कवा?"

"आठ वाजता, तुझ्याबरोबरच. का रे?"

"मला त्यो हिशेब शिकवा. तासाचा अन् मैलाचा."

दिनकररावांनी कारण विचारलं नाही. गाडीची वाट पाहण्याच्या वेळात, खिडकीच्या फळीवर खडूनं, त्यांनी त्याला शिकवलं. अर्ध्या तासात किती, पाव तासात किती. बिरूचं डोकं जड होतं, पण चिवट होतं. पावसाळा संपेपर्यंत त्याला आपले सहा आणि चंद्रभानचे पावणेपाच बरोबर मांडता येऊ लागले. तरवडाची डहाळी त्यानं टाकली नाही. फक्त आता ती सुकू लागली की तो तिला वेळ म्हणे.

मग पळता पळता तो हिशेब करू लागला. पहिल्या ओढ्याला आलो, पाव तास झाला. चंद्रभान एका मैलाच्या जरा पुढं असेल. मुरमाचा चढ चढलो, अर्धा तास. तो सव्वादोन मैलांच्या वर गेला असेल. जोडलिंबाला आलो, एक तास. चंद्रभान आता पावणेपाच मैलांवर आहे, पलीकडं, गंगेच्या पल्याड, त्याच्या वाटेवर.

इथवर हिशेब नीट जुळे. पुढं अडे. पावणेपाच मैलांवर तिकडं काय असेल? झाड असेल का बसायला, ओढा असेल, की नुसतंच ऊन? ताडकळसची वाट बिरूनं पाहिली नव्हती. त्याला मैल काढता येत होता, पण त्या मैलावर ठेवायला काही सापडत नव्हतं. चंद्रभान घाम पुसत तिथं येई, आणि त्याच्याभोवती काहीच नसे.